मशीनला दोष देण्याआधी: अंतर्कर्णाच्या प्रोटिओमिक्समधल्या या चुका टाळा

प्रोटिओमिक्स म्हणजे नमुन्यातली सगळी प्रोटीन एकदम ओळखणं. निकालांची यादी उघडावी तर वर अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन ही रक्तातली प्रोटीन, आणि केसपेशींच्या, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींच्या, प्रोटीनचा पत्ता नाही. मग प्रोटीन ओळखणाऱ्या मशीनचं, मास स्पेक्ट्रोमीटरचं, कॅलिब्रेशन तपासायची धावपळ सुरू होते. माझ्या मते बहुतेक वेळा घोळ त्याच्या बराच आधी, नमुना घेतानाच झालेला असतो.

नुसत्या अल्ब्युमिनवरून नमुना बाद ठरवू नका. पेरिलिम्फमध्ये, म्हणजे आतल्या कानातल्या द्रवात, ते मुळातच भरपूर असतं. हिमोग्लोबिन ठळक दिसलं तर मात्र रक्त मिसळल्याचा संशय घ्यायला हवा.

रक्त निदान डोळ्यांना दिसतं. मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे सीएसएफ, दिसत नाही. कोक्लियाला (आतल्या कानातला शंखासारखा भाग) भोक पडलं की दाब उतरतो आणि कोक्लियर अ‍ॅक्विडक्ट या बारीक नळीतून सीएसएफ कोक्लियाच्या तळाच्या वेढ्यात शिरू लागतं. तिथून जितकं जास्त ओढाल तितकं सीएसएफच हाती येतं. गिनिपिगसारख्या लहान प्राण्यात तर 10 मायक्रोलिटरच्या नमुन्यात पेरिलिम्फ कमी आणि सीएसएफच जास्त भरतं. म्हणून कमी घ्या, हळू घ्या, पहिला थेंब वेगळ्या नळीत ठेवा आणि किती मायक्रोलिटर काढलं ते लिहून ठेवा.

इथेच एक छुपा सापळा आहे. पेरिलिम्फमधलं प्रोटीन सीएसएफच्या कित्येक पट दाट असतं. सगळ्या नमुन्यांतून प्रोटीनचे सारखेच मायक्रोग्रॅम मशीनवर लोड केले की पातळ झालेला नमुनाही दाट नमुन्यासारखाच दिसतो आणि भेसळ झाकली जाते. तेव्हा समान लोड करण्याआधी प्रत्येक नमुन्याची मूळ प्रोटीन-सांद्रता मोजा आणि कोक्लिन या आतल्या कानाच्या प्रोटीनची पातळी बघा. सीएसएफची खूण मानलं जाणारं बीटा-2 ट्रान्सफेरिन इथे कामाचं नाही, ते दोन्ही द्रवांत सापडतं.

कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठीच्या निरोगी गटाचा, प्रश्न तर सुटतच नाही. निरोगी माणसाच्या कानातून पेरिलिम्फ काढता येत नाही. जे मिळतं ते कोक्लियर इम्प्लांट किंवा गाठीच्या शस्त्रक्रियेत. पण व्हेस्टिब्युलर श्वानोमामध्ये (तोलाच्या नसेवरची गाठ) पेरिलिम्फमधलं प्रोटीन वाढलेलं असतं, त्यामुळे त्या रुग्णांना ‘सामान्य’ गट धरलंत तर सगळी तुलना उलटीपालटी होते.

प्राण्याचा अख्खा कोक्लिया भरडून घेतलात तर कोलॅजन आणि मायलिनच्या गर्दीत केसपेशी बुडून जातात. माणसाच्या एका कोक्लियात त्या सगळ्या मिळून 15 हजारांच्या आसपास. आधी ऊती सोडवून वेगळी करा. हाड विरघळवायचंच असेल तर तीव्र आम्लाऐवजी ईडीटीए हे कॅल्शियम काढून घेणारं रसायन वापरा. केसपेशींतल्या प्रेस्टिनसारखी पेशीच्या पडद्यात रुतलेली प्रोटीन डिटर्जंटशिवाय नीट सुटत नाहीत, आणि एसडीएस हे डिटर्जंट वापरलंत तर ते पूर्ण काढल्याशिवाय नमुना मशीनवर चढवू नका. यादीत प्रेस्टिन नाही म्हणजे कानातही नाही, असं लिहून मोकळं होऊ नका.

वेस्टर्न ब्लॉटवरच्या (अँटिबॉडीने प्रोटीन शोधायची चाचणी) पट्टीला नाव देताना घाई नको. ऑटोइम्यून बहिरेपणात (शरीराची प्रतिकारशक्तीच कानावर उलटते तेव्हाचा) 68 किलोडाल्टनची पट्टी एचएसपी70 या प्रोटीनची मानली गेली. पुढे त्याच सुमाराच्या वजनाचं सीटीएल2 हे आतल्या कानाचं प्रोटीन अँटिबॉडींचं लक्ष्य म्हणून पुढे आलं. वजन जुळलं म्हणून ओळख पटत नाही, पट्टी कापून तिच्यातले पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचे तुकडे, बघा.

आणि एकाच उंदराचे दोन कान म्हणजे दोन स्वतंत्र नमुने नव्हेत. आकडेवारीत ते दोन उंदीर म्हणून मोजले की पी-व्हॅल्यू (निकाल योगायोगाचा नाही हे दाखवणारा आकडा) उगाचच देखणी दिसते, आणि चांगला रिव्ह्यूअर नेमकं तिथेच पकडतो.