नागपुरात नवीन आलात? संध्याकाळी चित्रं बघायला जा

आमच्या कॉलनीत दरवर्षी जून-जुलैत दोन-चार नवीन बिऱ्हाडं येतात. कुणी मिहानमधल्या कंपनीत, कुणी एम्समध्ये, कुणी बँकेत बदली होऊन. शाळेचा प्रवेश, गॅस, कामवाल्या ताई, कूलर कुठला घ्यायचा, ही विचारपूस महिनाभरात आटोपते. मग एखाद्या रविवारी दारात उभं राहून कुणीतरी विचारतं, "काकू, इथे संध्याकाळी जायचं कुठे?" फुटाळा तलाव आणि मॉल त्यांचे तोवर बघून झालेले असतात. मी सांगते, चित्रप्रदर्शनाला जा.

मी २००३ साली चिपळूणहून आले, यांच्या बदलीमुळे. तिकडे पाऊस धो-धो लागलेला आणि इथे जूनच्या दुसऱ्या आठवड्यातही दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. ओळखीचं कुणी नव्हतं. भाषा मराठीच, पण "तुम्ही काय करून राहिल्या?" असं शेजारणीने विचारलं की क्षणभर थांबायला व्हायचं. डिसेंबरात पेपरच्या शहर पानावर जलरंगांच्या प्रदर्शनाची चार ओळींची बातमी दिसली आणि मी एकटीच गेले. दालनात मोजून पाच माणसं. एका चित्रात कौलारू घर होतं, पण कौलं आमच्यासारखी मंगलोरी नव्हती, छोटी अर्धगोल होती. मी मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारलं, "ही कौलं कुठली?" ते स्वतःच चित्रकार निघाले, निवृत्त कलाशिक्षक. "रामटेककडची. बसा नं ताई, चहा येऊन राहिला." अर्ध्या तासाने त्यांच्या सौभाग्यवती डबा घेऊन आल्या. त्यात सांबारवडी होती. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला त्या दिवशी कळलं. नागपुरातली माझी पहिली मैत्रीण म्हणजे त्या बाई. आज वीस वर्षांहून जास्त झाली, येणं-जाणं तसंच आहे.

म्हणून सांगते, इथलं प्रदर्शन म्हणजे फक्त भिंतीवरची चित्रं नाहीत. चित्रकार स्वतः दिवसभर तिथे बसलेला असतो, त्याच्या घरचे असतात, जुने विद्यार्थी येऊन जातात. तुम्ही एखाद्या चित्रासमोर दोन मिनिटं जास्त थांबलात की कुणीतरी बोलायला येतंच. संकोच करू नका. "मला चित्रातलं काही कळत नाही" हे पहिलं वाक्य तर अजिबात नको. काय दिसलं ते सांगा, कुठलं गाव आहे ते विचारा. निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहा आणि खाली आपलं नाव, गाव लिहा. "अप्रतिम" एवढंच लिहू नका. कोणतं चित्र आवडलं, का आवडलं, ते लिहा. चित्रकार रात्री घरी ती वही पानन् पान वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि हे शहर नवख्यांना नवीन नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा म्हणजे मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या जंगलातून आलेला मुलगा. १९३९ साली तो नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकायला आला आणि १९४३ पर्यंत इथेच होता. मग मुंबईचं जे. जे., १९५० मध्ये पॅरिस, आणि त्यांच्या चित्रांतला, जगभर पोहोचलेला तो बिंदू. २०१६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यालाच, वडिलांच्या शेजारी, दफन झालं. पॅरिसच्या आधी, मुंबईच्याही आधी त्यांनी रंग कालवले ते या शहरात. आमच्याकडे कुणी "नागपुरात कला कुठली?" म्हणालं की मी एवढंच सांगते.

आता जागा. बहुतेक सगळ्या सिव्हिल लाईन्सच्या आसपास आहेत, हे सोयीचं आहे. चिटणवीस सेंटरमध्ये वर्षभर काही ना काही चालू असतं, चित्रं, छायाचित्रं, हातमाग, कधी पुस्तकं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं आवारही त्याच भागात आहे, त्याबद्दल पुढे सांगते. लोकमत भवनात जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरीचं दालन आहे. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ, १९२३ पासूनची संस्था. तिथे मुख्यतः साहित्याचे आणि नाटकाचे कार्यक्रम, पण चित्रकार, लेखक, नाटकवाले ही सगळी मंडळी इथे एकमेकांच्या कार्यक्रमांना जातात, त्यामुळे एका ठिकाणी ओळख झाली की दुसरीकडे आपोआप होते.

अजब बंगला मात्र पहिल्या महिन्यातच बघा. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना १८६३. रिक्षावाल्याला संग्रहालय म्हणालात तर तो विचारात पडेल, अजब बंगला म्हणा. मुलं पेंढा भरलेले प्राणी बघायला धावतात, धावू द्या, पण तुम्ही आदिवासी कलेच्या आणि चित्रांच्या दालनात वेळ काढा. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवलं, भोसले नंतरचे. ते दालन बघितलं की विदर्भ म्हणजे फक्त संत्री आणि ऊन नाही, हे डोळ्यांना पटतं. सोमवारी बंद असतं.

कार्यक्रम कळतात कसे? मोठी जाहिरात होत नाही. मराठी पेपरांच्या शहर पानावर आजच्या कार्यक्रमांचं सदर असतं, सकाळी चहासोबत ते वाचायची सवय लावा. प्रदर्शनं साधारण तीन ते पाच दिवसांची असतात, "पुढच्या रविवारी बघू" म्हटलं की हुकलीच. बहुतेक दालनांत प्रवेश मोफत असतो. उद्घाटन संध्याकाळी, आणि पत्रिकेवरच्या वेळेला पाहुणे पोहोचतीलच असं नाही. भाषणं ऐकायची नसतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी जा, चित्रं बघायला तीच वेळ चांगली. ओळखी करायच्या असतील तर मात्र उद्घाटनालाच जा. समारोपाच्या दिवशी कधी कधी प्रात्यक्षिक असतं, चित्रकार समोर बसून व्यक्तिचित्र काढतो. ते चुकवू नका. कोऱ्या कागदावर आधी डोळ्यांच्या खाचा आणि नाकाची सावली येते आणि वीस मिनिटांत समोरचा माणूस ओळखू येतो, हे बघताना दालनात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते.

मोसम दिवाळीनंतरचा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कोण बाहेर पडणार? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने इथे सगळं घडतं. एक सूचना. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते मोर्चांमुळे आणि बंदोबस्तामुळे कधी बंद होतील सांगता येत नाही. गाडी घरी ठेवा आणि मेट्रोने झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरून चालत जा. हिवाळ्यात चालायला तो परिसर सुरेख आहे, जुनी झाडं आहेत.

याच दिवसांत सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. केंद्र १९८६ पासूनचं, महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र ही राज्यं त्याच्याकडे येतात, त्यामुळे कारागीरही तिथून येतात आणि संध्याकाळी लोकनृत्यं होतात. खरेदीच्या घाईत फिरू नका. बस्तरच्या ढोकरा, म्हणजे ओतीव पितळकामाच्या, कारागिराकडे बसा आणि पितळी घोड्याच्या अंगावरची ती बारीक दोऱ्यासारखी नक्षी कशी होते ते विचारा. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळतात, वर पुन्हा माती लिंपतात, भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एकासारखी दुसरी वस्तू होत नाही. बिदरच्या बिदरीकाम करणाऱ्या कारागिराला विचाराल तर तो किल्ल्यातल्या मातीची गोष्ट सांगेल, त्या मातीनेच जस्त-तांब्याचा तो मिश्रधातू काळाभोर होतो आणि चांदीची तार उठून दिसते. हे ऐकल्यावर घासाघीस करायला जीभ रेटत नाही. करूही नका.

दालनांबाहेरचं सगळ्यात मोठं प्रदर्शन जुन्या नागपुरातल्या महाल भागात आहे आणि त्याला कुणी प्रदर्शन म्हणत नाही. चितार ओळ. ओळ म्हणजे गल्ली. भोसल्यांच्या काळापासून चितारी आणि मूर्तिकारांची ही वस्ती. गणपतीआधीचे दहा-पंधरा दिवस संध्याकाळी तिथे जा. दोन्ही बाजूंना मूर्ती उभ्या, काही नुसत्या मातीच्या, काहींना पांढरा हात दिलेला, काहींचं पितांबर चाललेलं. आमच्या कोकणात गणपतीच्या शाळेत आपला पाट नेऊन द्यायची पद्धत, त्याच पाटावर मूर्ती घडते. पहिल्या वर्षी मी चिपळूणहून आणलेला पाट घेऊन चितार ओळीत गेले. तिथल्या आजोबांनी पाट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ठेवून जा बाई." चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर गणपती घरी आला. दरवर्षी मी अजूनही पाट तिथेच देते. तुमच्या गावची जी काही रीत असेल ती इथल्या कारागिराला सांगून बघा, ऐकून घेतात. डोळे आखायचं काम शेवटी, आणि ते हात बसलेला माणूसच करतो. त्या वेळी बोलू नका, फोटोही नको.

गणपतीच्या तीन दिवस आधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी सजवून आणतात. नंदी विकत घ्यायचाच असेल तर आधीच घ्या आणि घुंगरं, झूल मुलांकडूनच करून घ्या. त्याच दिवशी मारबत. काळी आणि पिवळी, दोन प्रचंड पुतळे, शंभराहून जास्त वर्षांची परंपरा. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं त्याचे पुतळे. महागाई, साथीचे रोग, कधी भ्रष्टाचार. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत इतवारी-महालातून मिरवणूक निघते. अख्ख्या वस्तीने मिळून घडवलेली, रस्त्यावर नेलेली आणि शेवटी जाळून टाकलेली अशी कला मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मी चित्रकलेच्या कार्यक्रमांत मारबत धरते यावर काही लोक हसतात, पण माझं मत पक्कं आहे.

मुलं असतील तर बसोलीचं नाव लक्षात ठेवा. चंद्रकांत चन्ने यांनी १९७५ साली ही बालचित्रकारांची चळवळ नागपुरात सुरू केली आणि तिच्या शिबिरांतून इथल्या कितीतरी घरांतली मुलं गेली. आमची धाकटीही गेली. मोठ्या मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवत असाल तर जरूर बसवा, पण त्याआधी शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन दाखवा. तिथली मुलं आपल्या कामाबद्दल भरभरून बोलतात, आणि पहिलं चित्र विकत घ्यायचं असेल तर विद्यार्थ्याचंच घ्या. तुम्हाला परवडतं आणि त्याला पुढच्या कॅनव्हासचे पैसे मिळतात. चित्राखालच्या पट्टीवर लाल टिकली असेल तर ते विकलं गेलेलं आहे.

घेतल्यावर लावायचं कुठे, हेही ऐका. मी पहिलं जलरंगाचं चित्र बैठकीत कूलरसमोरच्या भिंतीवर लावलं. दोन उन्हाळ्यांत कागद लाटांसारखा उठला आणि कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आले. कोकणात दमट हवेला जपतात, इथे कोरड्या हवेत काय होणार असं मला वाटलं होतं, पण कूलरचा झोत म्हणजे ओलावाच. पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको, एप्रिलच्या उन्हात रंग उडतात. आतल्या भिंतीवर, काचेखाली, आणि कागद काचेला चिकटणार नाही अशी मधे जाड कार्डाची चौकट ठेवून मढवून घ्या.

तुम्ही स्वतः चित्रं काढत असाल तर लगेच दालन घ्यायच्या मागे लागू नका. हिवाळ्याच्या तारखा खूप आधी भरतात. एक वर्ष इतरांच्या प्रदर्शनांना जा, चित्रं टांगायला हात लावा, आदल्या रात्री मदतीची गरज प्रत्येकाला असते. तिथेच कळतं की दोरी कोणती, दिवा कुठे फिरवायचा, पट्ट्या कोण छापून देतो.

यंदा मारबतीला यायचं असेल तर पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे सांगून ठेवा. आम्ही सकाळी तर्री पोहे खाऊन निघतो, मेट्रोने आणि मग पायी. टोपी, पाण्याची बाटली आणि जुन्या चपला.