रीफ टँकमधला अर्चिन नेमका कोणता, हे ओळखायचं कसं?

रीफ टँक म्हणजे कोरल वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, आणि अर्चिन म्हणजे त्यातला गोल, काटेरी समुद्री प्राणी. काट्यांचा रंग पाहून अर्चिनची जात सांगणारे तक्ते आधी बाजूला ठेवा. एकाच जातीत काळे, तपकिरी, पांढरे, पट्टेरी असे सगळे काटे सापडतात आणि वयाबरोबर ते बदलतातही. काट्यांच्या जाडी-लांबीखेरीज ओळख पटते ती मुख्यतः दोन जागी: माथ्यावर गुदद्वाराच्या आसपास आणि काट्यांच्या रांगांमधल्या उघड्या पट्ट्यांवर. जात कळायलाच हवी, कारण कोणी नुसतं शेवाळ खरवडतो, कोणी कोरलही कुरतडतो आणि एखाद्याला हात लावणंही धोक्याचं असतं.

आधी फोटो. निळे लाइट बंद करा. त्यांच्या उजेडात नारिंगी रंग मरतो आणि नको ते चमकायला लागतं. फक्त पांढरा लाइट ठेवा, वेव्हमेकर (टँकमध्ये लाटा उठवणारा पंप) आणि रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी टँकमध्ये परत आणणारा) थांबवा, पाणी निवळलं की मोबाइल बरोबर वरून धरून माथ्याचा फोटो घ्या. लांब काट्यांचे अर्चिन दिवसा दगडाखाली असतात, त्यामुळे लाइट गेल्यावर टॉर्च घेऊन बसा. फोटोसाठी त्याला ओढून काढू नका: नळीसारखे बारीक पाय दगडाला घट्ट धरून असतात आणि ओढताना तुटतात.

मग काट्यांची जाडी-लांबी. पेन्सिलीएवढे जाड, बोथट काटे असतील आणि त्यांच्यावर शेवाळ किंवा गुलाबी थर चढलेला असेल, तर तो युसिडॅरिससारखा जुन्या घराण्यातला अर्चिन. त्याच्या मोठ्या काट्यांवर त्वचा नसते, म्हणून त्यांच्यावर काहीही उगवतं. तो मांसही खातो, त्यामुळे कोरलजवळ नको. जाड काटे स्वच्छ, गुळगुळीत, साधारण तीनधारी असतील तर हेटेरोसेन्ट्रोटस. दुकानात दोघंही ‘पेन्सिल अर्चिन’ म्हणूनच विकले जातात.

आखूड काटे आणि त्यांच्यामध्ये निळसर, मखमली, रुंद उघडे पट्टे दिसले की मेस्पिलिया ग्लोब्युलस, म्हणजे टक्सिडो. आखूड पांढरे-नारिंगी काटे, पण असे पट्टे नाहीत, तर बहुधा ट्रिप्न्यूस्टीस ग्रॅटिला. हा १५ सेंमीपर्यंत वाढतो, लहान टँकमध्ये उपाशी मरतो. मध्यम, टोकदार काटे, वरून पाहिल्यावर लांबट गोल आकार आणि प्रत्येक काट्याच्या बुडाशी फिकट कडं, ही एकायनोमेट्रा मॅथाईची खूण. तो दगड पोखरतो.

आता लांब काळे काटे. चुका इथेच होतात. ‘माथ्यावर पाच पांढरे ठिपके दिसले की डायडेमा सेटोसम’ हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि तो अर्धवट आहे. तसे ठिपके डायडेमा सॅव्हिनयीतही कधी कधी दिसतात. पाहायचं ते माथ्याच्या मधोमध असलेल्या गुदशंकूकडे, म्हणजे गुदद्वाराच्या फुगीर पिशवीकडे. तिच्या उघड्या टोकाभोवती ठसठशीत नारिंगी वलय असेल तर सेटोसम. वलय नसेल आणि माथ्याभोवती निळ्या-हिरव्या चकाकत्या रेषा सलग जात असतील तर सॅव्हिनयी. सेटोसममध्ये हा निळा रंग मुख्यतः सुट्या ठिपक्यांच्या ओळींत असतो. शंकू कधी आत ओढलेला असतो, म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नका. वेगवेगळ्या वेळी फोटो घेऊन ताडून पाहा. निसर्गात या दोन जातींचा संकरही होतो. खुणांची सरमिसळ दिसली तर ‘डायडेमा’ एवढंच लिहून थांबा. ओढूनताणून जात ठरवण्यापेक्षा ते जास्त खरं आहे.

दुसरा घोटाळा पट्टेरी पिल्लांचा. काळे-पांढरे पट्टे पाहून त्याला सर्रास एकायनोथ्रिक्स कॅलामेरिस म्हणतात, पण डायडेमाच्या पिल्लांचे काटेही पट्टेरीच असतात. पट्टे विसरा, काटे किती प्रकारचे आहेत ते पाहा. एकायनोथ्रिक्समध्ये लांब जाड काट्यांच्या मधे पाच पट्ट्यांत केसांसारख्या बारीक सुयांचे दाट झुबके असतात. डायडेमात असे वेगळे झुबके नसतात. कॅलामेरिसचा गुदशंकूही मोठा, अर्धपारदर्शक आणि ठिपकेदार असतो. या बारीक सुया विषारी असतात आणि पातळ रबरी हातमोज्यातून आरपार जातात. टँकमध्ये काम करताना पिल्लाला लांब चिमट्याने किंवा प्लास्टिकच्या डब्याने बाजूला सारा.

अंगावर शिंपले घेणं ही ओळख नव्हे. टक्सिडो घेतो, ट्रिप्न्यूस्टीस घेतो आणि विषारी टॉक्सोन्यूस्टीस पायलिओलसही घेतो. काट्यांऐवजी अंगभर फिकट काठाची, तीन पाकळ्यांसारखी उघडलेली इवली गुलाबी-पांढरी ‘फुलं’ दिसली तर तो हाच. ती फुलं म्हणजे विषारी चिमटे. उघड्या हाताने अजिबात शिवू नका. डंख झालाच तर थेट डॉक्टर.

कोकणात ओहोटीला खडकांच्या खळग्यांत दिसणारा काळा-जांभळा अर्चिन बहुतेक स्टोमोन्यूस्टीस व्हॅरिओलॅरिस असतो. लाटांच्या माऱ्यात जगणारा हा प्राणी घरी आणू नका. एकायनोमेट्राशी त्याची गल्लत होते, पण काटे झडलेल्या कवचावर उभ्या, नागमोडी खाचा दिसल्या की शंका उरत नाही.

टँकमधला अर्चिन मेला तरी कवच टाकू नका, धुऊन वाळवा. काट्यांखाली झाकलेला आकार आणि पट्ट्यांची रचना तेव्हाच स्वच्छ दिसते. मात्र मेलेला अर्चिन त्याच दिवशी पाण्याबाहेर काढा, नाहीतर कुजून अमोनिया चढतो.