डेथ परेड घरच्यांना दाखवायची असेल तर

डेथ परेड ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका. दाखवताना पहिल्या भागावर थांबू देऊ नका. पहिला आणि दुसरा सलग दाखवायचे, दोन्ही मिळून जेमतेम पाऊण तास. आमचे बंधुराज पहिला संपल्या संपल्या "बायकोच नालायक!" असा निकाल देऊन जेवायला निघाले होते. हाताला धरून परत बसवलं.

मालिका 2015 ची, मॅडहाउस स्टुडिओची, दिग्दर्शक युझुरू ताचिकावा, भाग 12. एकाच सुमारास मेलेली दोन माणसं क्विनडेसिम नावाच्या बारमध्ये येतात. आपण मेलोय हे त्यांना आठवत नाही. पांढऱ्या केसांचा बारटेंडर डेसिम अदबीने सांगतो की एक खेळ खेळावा लागेल, आणि पणाला जीव लागलाय. खेळात ते कसे वागतात ते बघून तोच त्यांचा निवाडा करतो. सुरुवातीच्या गाण्यात हाच माणूस मजेत नाचतो, त्याला भुलू नका.

पहिल्या भागात नवं लग्न झालेलं जोडपं डार्ट्स खेळतं. बोर्डावर जोडीदाराचे अवयव. बाण लागला की कळ समोरच्याला. नवऱ्याच्या डोक्यात संशय शिरल्यावर दोघांचे चेहरे बघत राहा, सबटायटल एखादं हुकलं तरी चालेल. आणि शेवटी लिफ्टच्या दारांवरचे मुखवटे बघायलाच हवेत. पांढरा शांत चेहरा म्हणजे पुनर्जन्म, शिंगांचा म्हणजे शून्य, आत्मा कायमचा रिकाम्या पोकळीत. कोण कुठे गेलं हे इथे तोंडाने कुणी सांगत नाही.

दुसऱ्या भागात तोच खेळ पडद्यामागून दिसतो. डेसिमच्या मदतीला आलेली काळ्या केसांची बाई त्या बायकोच्या वागण्याचा वेगळाच अर्थ लावते. इथे पॉज दाबा आणि भांडू द्या. आमची आत्या चित्रगुप्ताची वही शोधत होती, पाप किती, पुण्य किती. तसं इथे काही नाही. निवाडा करणाऱ्याला पाहुण्यांच्या आठवणी मिळतात, तरी तो चुकू शकतो. मला तर ही मालिका त्याचसाठी आवडते. नरकबिरक दाखवणाऱ्या खूप आहेत.

मग तिसरा द्या. बोलिंगचा आहे, हळवा आहे, जीव जरा हलका होतो. सहावा तर चक्क विनोदी. आठवा-नववा मात्र एकापाठोपाठच बघायचे आणि पोरांना बाहेर पाठवून, कारण त्यात सूड आहे, लैंगिक अत्याचारही. शेवटच्या भागांत आत्महत्येचा विषय येतो. घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा कुणाचं मन ठिकाणावर नसेल, तर सध्या राहू द्या. मालिका कुठे पळून जात नाही.

बारावा झाला की 2013 चा डेथ बिलियर्ड्स हा लघुपट शोधा. मालिका त्यातूनच निघाली. एक म्हातारा, एक तरुण, बिलियर्ड्सचं टेबल. कोण कुठे गेलं ते शेवटपर्यंत दाखवत नाहीत, म्हणून तो रात्री उशिरा लावू नका. सकाळी ऑफिस असतं.