अमेरिकेतला गव्हर्नर जोखायचा कसा?

मुलीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला सहा महिने राहायला आलो की मला काहीतरी उद्योग लागतो. पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत ३१ वर्षं काढलेला माणूस नुसता खिडकीशी बसून खारी किती दिवस बघणार? गेल्या वर्षी नातवाला शाळेत विषय मिळाला, 'सर्वांत कर्तबगार गव्हर्नर'. त्यानं चार याद्या काढल्या, चारही वेगळ्या. "आजोबा, खरा कोण?" मी दोनशे पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, म्हणजे उणी बाजू. ती पद्धत सांगतो.

आधी डोक्यातला राज्यपाल काढून टाका. गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राजभवन आठवतं. इथला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो, म्हणजे कामानं आपला मुख्यमंत्रीच. मात्र विधिमंडळ विरोधी पक्षाच्या हातात गेलं तरी त्याची खुर्ची हलत नाही. शिवाय सगळ्यांच्या हातात सारखी ताकद नसते. व्हर्जिनियात लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही. म्हणून पानाच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहा: मुदत किती, अंदाजपत्रक कोण मांडतो, विधिमंडळ कोणाचं. हे न लिहिता दोन गव्हर्नरांची तुलना करू नका.

मग तारखा जुळवा. फीत कापणारा एक आणि मंजुरी आणणारा दुसरा, हे आम्हा पाटबंधारेवाल्यांना कोणी शिकवायला नको. उदाहरण न्यूयॉर्क राज्याच्या डीविट क्लिंटनचं घ्या. बोटींनी मालवाहतूक करण्यासाठीच्या ईरी कालव्याचा कायदा एप्रिल १८१७ मध्ये झाला, क्लिंटन गव्हर्नर झाला जुलैत, आणि ४ जुलैला खोदाई सुरू. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा? नाही. १८१० पासून तो कालवा आयोगावर होता आणि मंजुरीसाठी झटणाऱ्यांत तोच पुढे होता. ३६३ मैल लांबी, ४० फूट रुंदी, खोली जेमतेम ४ फूट, खर्च सुमारे ७० लाख डॉलर. लोक त्याला 'क्लिंटनचं गटार' म्हणत. १८२४ मध्ये विरोधकांनी त्याला कालवा आयोगावरून काढलं, त्याचीच लोकांना चीड आली आणि त्याच वर्षी तो पुन्हा निवडून आला. १८२५ ला कालवा पुरा झाला. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला आधी १०० डॉलरच्या आसपास पडत, ते १० वर आलं. टोलमधून कर्जही फिटलं. खर्च वाढला की लागणाऱ्या सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या फायली वाहून पाठ मोडलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, विचारू नका.

जागेवर जाऊन बघता आलं तर जरूर बघा. जावई मला याच कालव्यावरच्या लॉकपोर्टला घेऊन गेला. तिथे बोटी कडा चढून जाव्यात म्हणून पाच दगडी लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणारे हौद, जिन्यासारखे एकावर एक बांधलेत. लाकडी दरवाजाच्या दोन फळ्या चढाच्या बाजूला टोक करून मिटतात, त्यामुळे वरच्या पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बसवतो. कुलूप नाही, कडी नाही. मी खूश होऊन क्लिंटनच्या जमेला लिहिणार, तोच कळलं की हे दगड १८४० च्या सुमारास कालवा रुंद केला तेव्हाचे. क्लिंटन १८२८ मध्येच गेला. त्याच्या काळातली काय, तर पाच पायऱ्यांची मूळ आखणी. नोंद खोडून दुरुस्त केली.

पुढे राष्ट्राध्यक्ष झाला की नाही, याला गुण देऊ नका. माझ्या वहीत सर्वांत जास्त पानं न्यूयॉर्कच्याच अल स्मिथनं खाल्लीत, आणि तो १९२८ ला हूवरकडून हरला. वडील गेले म्हणून शाळा सुटली, फुल्टन मासळी बाजारात काम केलं. विधिमंडळात आल्यावर अंदाजपत्रकाची बिलं ओळन् ओळ वाचायचा. इथेच आपलं सूत जुळलं! २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. एका बाजूचा दरवाजा कुलूपबंद होता. त्यानंतरच्या चौकशी आयोगाचा स्मिथ उपाध्यक्ष होता, आणि कारखान्यांचे कायदे त्यातूनच आले. पण तेव्हा तो आमदार होता, गव्हर्नर नव्हे. वेगळ्या रकान्यात लिहा.

गव्हर्नर म्हणून त्याचं काम रुक्ष आहे, म्हणून याद्यांमध्ये ते मागे पडतं. मुदत दोनच वर्षांची. १९२० ला हरला, १९२२ ला परत आला. राज्यात दीडशेहून जास्त खाती, मंडळं आणि आयोग होते, प्रत्येकाचा वेगळा सुभा. ते विसाच्या आत आणले. अंदाजपत्रक गव्हर्नरनं मांडायचं, ही तरतूद १९२७ ला मतदारांकडून मंजूर करून घेतली. ती लागू झाली १९२९ ला, म्हणजे स्मिथ घरी गेल्यावर. पहिला फायदा त्याच्या जागी आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्टला.

नावेची बाजू कोरी राहिली तर समजा, तुम्ही नीट वाचलं नाही. लुइझियानाच्या ह्युई लाँगनं रस्ते, पूल, शाळेची मोफत पुस्तकं दिली, आणि सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षासाठी पैसेही कापले. न्यूयॉर्कच्या नेल्सन रॉकफेलरनं राज्य विद्यापीठ प्रचंड वाढवलं. त्याच्याच काळात १३ सप्टेंबर १९७१ ला अॅटिका तुरुंग परत ताब्यात घेताना ३९ माणसं मेली, आणि १९७३ चे अमली पदार्थांचे कडक कायदेही त्याचेच. या दोन बाजूंची वजाबाकी करायला जाऊ नका, रुपयातून रक्त वजा होत नाही. दोन्ही शेजारी राहू द्या.

कॅलिफोर्नियाच्या हायरम जॉन्सनपाशी मी अडलोय. सदर्न पॅसिफिक रेल्वेचा राज्यावरचा पगडा मोडायला त्यानं १९११ ला मतदारांना अधिकार मिळवून दिला, निवडून दिलेल्याला मध्येच परत बोलावण्याचा. तोच अधिकार वापरून २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिसला घरी बसवलं आणि सिनेनट श्वार्झनेगर आला. नातू म्हणतो जमा, जावई म्हणतो नावे. तूर्त पेन्सिलीनं रेघेवरच लिहून ठेवलंय.