झिर्कोनियाची कॅप चिकटवायची कशी

उद्यमनगरातले एक फाउंड्रीवाले काका आले. खिशातून काडेपेटी काढून टेबलावर उघडली, आत त्यांच्या दाढेची झिर्कोनियाची (दातासारख्या रंगाच्या कणखर सिरॅमिकची) कॅप. "डॉक्टर, सिमेंट कच्चं पडलं काय ओ?"

कॅप उजेडात धरली. आतून कोरी करकरीत. सिमेंट सगळं दाढेवर. म्हणजे दाताशी जमलं होतं, कॅपशीच फिसकटलं होतं.

जुन्या पोर्सेलिनमध्ये काच असते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल ती खातं, पृष्ठभाग खडबडीत होतो, वर सायलेन (काच आणि रेझिन यांना जोडणारं रसायन) लावलं की रेझिन सिमेंट (प्लास्टिकसारखं घट्ट होणारं) रुतून बसतं. झिर्कोनियात खायला काचच नाही आणि सायलेनला धरायला सिलिका (काचेचा मूळ घटक) नाही. काकांना म्हटलं, कास्टिंगला रंग मारायच्या आधी काय करता? "ब्लास्टिंग, मग प्रायमर." इथंही तेच, फक्त हात हलका ठेवायचा.

आधी कॅप दातावर बसवून बघायची. कडा, चावा, शेजारच्या दाताशी फट, सगळं याच वेळी. मग पाण्यानं धुऊन वाळवायची.

आता सँडब्लास्टिंग. अॅल्युमिनाचे ५० मायक्रॉनचे कण, दाब १ ते २ बार, नळीचं तोंड कॅपपासून साधारण १ सेंटिमीटर दूर, वेळ १० ते १५ सेकंद. चारचाकीच्या टायरात असते त्याहून जास्त हवा लावायची नाही. जोर केला तर पृष्ठभागाला बारीक चिरा जातात आणि कॅप पातळ असेल तर ते महागात पडतं. माझी सवय अशी: कॅपच्या आत मार्करनं रंग फासतो आणि नळी फिरवत राहतो. रंग सगळीकडून गेला की थांबतो. कोपऱ्यात निळा ठिपका राहिला तर तिथं कण पोचलेच नाहीत. नंतर अल्कोहोलमध्ये, शक्यतो अल्ट्रासोनिक मशीनमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या), धूळ काढून कोरडी करायची.

माझी चूक झाली ती इथंच. काकांची कॅप लॅबमधून ब्लास्टिंग होऊन आली होती. मी ती तोंडात बसवून बघितली, लाळ लागली, आणि दात साफ करायचं फॉस्फोरिक आम्ल कॅपमध्येही फिरवलं. स्वच्छ दिसली, पण प्रायमरला जागाच उरली नाही. प्रायमरमधला एमडीपी हा रेणू (जपानच्या कुरारे कंपनीनं १९८१ साली काढलेला) एका टोकाच्या फॉस्फेटनं झिर्कोनियाला धरतो आणि दुसऱ्या टोकानं रेझिनला. लाळेतही फॉस्फेट, त्या आम्लातही फॉस्फेट. एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे ते आधीच सीट अडवून बसतात. म्हणून ब्लास्टिंग तोंडात बघून झाल्यावरच करावं. लॅबमध्ये आधीच झालं असेल, तर झिर्कोनियासाठी मिळणारी क्लीनिंग पेस्ट लावून धुवावी. फॉस्फोरिक आम्ल कॅपला नको.

मग एमडीपी असलेला प्रायमर, पातळ थर, हवेनं वाळवायचा. यानंतर आत बोट नाही, लाळ नाही. दात कोरडा राहायला रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा) लावावा; पेशंट कुरकुरतात, कुरकुरू द्यावं.

सिमेंट ड्युअल क्युअर (प्रकाशानं आणि रसायनानं, दोन्हींनी घट्ट होणारं) घ्यावं, कारण झिर्कोनियातून प्रकाश कमीच आत जातो आणि उरलेलं काम रसायनानं पुरं व्हावं लागतं. कडेचं जादा सिमेंट अर्धवट घट्ट असतानाच काढायचं.

एवढा खटाटोप दरवेळी लागत नाही. दात उंच, घडण चांगली असेल तर साधं ग्लास आयनोमर सिमेंटही कॅप धरून ठेवतं. आखूड दाढ किंवा शेजारच्या दाताला मागून पंखानं चिकटवायचा ब्रिज (गेलेल्या दाताच्या जागी बसवायचा दात) असेल, तिथं मात्र सगळी मदार चिकटण्यावरच.

आणि कॅप निघाली तर घरी झटपट गोंद लावून बसवू नका. तो खरवडण्यातच माझा अर्धा तास जातो. काकांसारखी काडेपेटीत घालून आणा, फक्त आधी काड्या काढा.