मुंबईच्या मातीतलं रोप आणि खताची वेळ

सोसायटीच्या आवारात ताम्हण, बकुळ किंवा बहावा लावणार असाल, तर खताची पिशवी फोडण्याआधी माती हातात घेऊन बघा. मुलुंडला आमच्या इमारतीमागे वर वीतभर लालमाती आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा. नव्या बांधकामांच्या आवारात बरेचदा हेच निघतं. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही.

पान पिवळं दिसलं की लोक युरियाच टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. आधी पिवळं कुठलं पान पडलंय ते बघा. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं सरसकट फिकट होतात. लोह असं हलवता येत नाही. त्यामुळे शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. युरियातून मिळतं ते नत्र, त्यामुळे तिथे त्याचा काही उपयोग नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. हा तात्पुरता उपाय झाला. खरं काम लागवडीच्या खड्ड्यातच करायचं.

दोन फूट लांब, रुंद आणि खोल खणा. निघालेलं डेब्रिज परत आत लोटू नका. दोन वाटे लालमाती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कच्चं शेण कुजताना तापतं, त्याने कोवळी मुळं भाजतात. स्फुरद (फॉस्फरस) मातीत फारसं हलत नाही, म्हणून 100 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट खड्ड्याच्या मातीतच मिसळा.

नत्राचं उलट, ते पाण्याबरोबर निघून जातं. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. एकदम घातलेला युरिया गटारातच जायचा. नवी पालवी फुटेपर्यंत थांबा. मग पावसाने उघडीप दिली की 20 ग्रॅम, बुंध्यापासून वीतभर लांब, गोल पसरून. तेवढाच पुन्हा सप्टेंबरअखेर. जास्त दिलात तर फांद्या लुसलुशीत वाढतात, त्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) बसतो आणि वाऱ्यात त्या टिकत नाहीत.

आवारातला पालापाचोळा कचऱ्याच्या गाडीत देऊ नका. आळ्यात, म्हणजे बुंध्याभोवतीच्या खोलगट गोलात, वरच्यावर पसरा, बुंध्याला चिकटू न देता. मातीत मात्र मिसळू नका, कारण सुकी पानं कुजवणारे जिवाणू रोपाच्या वाट्याचं नत्र स्वतःच ओढून घेतात.