जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी कसा उतरवावा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि त्याच्या तोंडाशी बसलेला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा गोल भाग) एकत्रच बाहेर यायला हवेत. हे पक्कं लक्षात ठेवलंत, तर महागात पडणाऱ्या बहुतेक चुका टळतात. कन्व्हर्टर इंजिनाला चिकटून राहिला आणि गिअरबॉक्स मागे ओढला गेला, तर पुढचं सील फाटू शकतं, अंगावर तेल येतं आणि तोल जाऊन सगळं धूड खाली कोसळायची भीती असते.

इथे दिलेला क्रम मागच्या चाकांना जोर असलेल्या जुन्या पिकअपसाठी आहे. चारही चाकांना जोर असेल, तर आधी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) उतरवावी लागते.

गाडी उचलणं

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. मातीत स्टँड खचतात. चेसिसखाली चार मजबूत स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. उंची ठरवताना शेवटच्या क्षणाचा विचार करा: गिअरबॉक्स जॅकवर पूर्ण खाली आल्यावर बेल हाऊसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं घंटेसारखं तोंड) चेसिसच्या खालून सरकून बाहेर निघालं पाहिजे. गाडी स्टँडवर बसली की बाजूने जोरात हलवून पाहा. हलली, तर स्टँड पुन्हा लावा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाका.

तेल आणि प्रोपेलर शाफ्ट

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सच्या पॅनला तेल सोडायचा बोल्टच नसतो. अशा वेळी पुढचे बोल्ट थोडे ढिले करा, बाकीचे काढा आणि पॅन मागून हळूहळू खाली येऊ द्या. खाली रुंद घमेलं ठेवा. तेल लगेच फेकू नका, आधी ते नीट पाहा. तपकिरी पडून जळका वास येत असेल, तर आतल्या क्लच प्लेट गेल्या असण्याची शक्यता मोठी. पॅनच्या तळाशी थोडा बारीक करडा गाळ असतोच, पण धातूचे चकचकीत तुकडे दिसले तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल. कन्व्हर्टरच्या पोटात आणखी काही लिटर तेल उरलेलं असतं, म्हणून घमेलं दूर नेऊ नका.

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा, काढण्याआधी त्याच्यावर आणि मागच्या फ्लँजवर रंगाची एक सरळ रेघ मारा. परत तसाच बसवला नाही, तर गाडी थरथरू शकते. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या (अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याच्या) सुट्या कपांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आतल्या सुईसारख्या बारीक बेअरिंग निसटून पडतात. शाफ्ट निघाल्यावर गिअरबॉक्सच्या शेपटीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा.

वायरी, केबल, पाइप

प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो काढा. स्पीडोमीटरची केबल, गिअरचं लिंकेज, किकडाउनची (ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी) केबल किंवा सळई, न्यूट्रल स्विचची वायर आणि काही मॉडेलमध्ये व्हॅक्यूमची नळी. हे काम सोपं आहे, फक्त एकही जोड विसरू नका. सायलेन्सरचा पाइप आड येत असेल तर तोही काढा.

गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांना मात्र वेळ द्या. जुन्या गाडीत नट पाइपवरच गंजून बसलेला असतो. नट फिरवला की पाइपही पिळला जातो आणि मोडतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दोन पाने वापरा: एकाने गिअरबॉक्समधलं फिटिंग धरा, दुसऱ्याने नट सोडा. पाइपांची तोंडं लगेच बंद करा.

कन्व्हर्टर सोडवणं

सेल्फ (स्टार्टर मोटर) काढा आणि बेल हाऊसिंगच्या खालचं पातळ झाकण काढा. आत फ्लेक्सप्लेटला (क्रँकच्या मागच्या टोकावरच्या पातळ चकतीला) कन्व्हर्टर धरून ठेवणारे बोल्ट दिसतील, बहुधा ३, ४ किंवा ६. एका वेळी एकच समोर येतो. पुढे क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. स्पार्क प्लग काढून ठेवले तर ते हलकं फिरतं. कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटवरही रंगाची खूण करा.

शेवटचा बोल्ट निघाला की कन्व्हर्टर हाताने मागे ढकलून पाहा. तो काही मिलिमीटर सरकला पाहिजे आणि सुटा फिरला पाहिजे. सरकत नसेल, तर क्रँकच्या टोकात गंजाने अडकलाय. तिथे तेल सोडा, थांबा, पेचकसाने अलगद सरकवा. तो सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

वजन जॅकवर घेणं

कन्व्हर्टरसकट हे वजन साधारण ६० ते १०० किलो असतं, म्हणून गिअरबॉक्सचा खास जॅक भाड्याने आणा आणि गिअरबॉक्स त्याला पट्ट्याने बांधा. इंजिनाच्या चेंबरखाली (तळाच्या ऑइल पॅनखाली), मागच्या बाजूला, रुंद लाकडी ठोकळा ठेवून वेगळा आधार द्या. मग गिअरबॉक्सचं माउंट आणि ते ज्यावर टेकतं तो चेसिसचा आडवा दांडा, म्हणजे क्रॉसमेंबर, काढा. इंजिन व गिअरबॉक्सची शेपटी एकत्र थोडी खाली घेतली की बेल हाऊसिंगचे वरचे बोल्ट हाताशी येतात. त्या वेळी कुणाला तरी बॉनेटमध्ये पाहायला उभं करा. डिस्ट्रिब्यूटर मागच्या पत्र्याला किंवा पंखा पुढच्या आवरणाला टेकायला नको.

वरच्या बोल्टसाठी लांब एक्स्टेन्शन आणि वळणारा जॉइंट लागतो. माझ्या पहिल्या गिअरबॉक्सच्या वेळी फट पडेना, म्हणून मी पहारीने जोर लावला. डिपस्टिकच्या नळीमागे एक बोल्ट शिल्लक होता, आणि ॲल्युमिनियमच्या बेल हाऊसिंगचा कान तडकला. तेव्हापासून निघालेला प्रत्येक बोल्ट मी पुठ्ठ्यावर काढलेल्या आकृतीत त्याच्या जागी खोचतो. एक भोक रिकामं दिसलं की पहार खाली ठेवतो.

बाहेर काढणं

दोन्ही बाजूंचा एकेक बोल्ट शेवटपर्यंत ठेवा. जॅक असा लावा, की ते दोन्ही बोल्ट बोटांनी फिरतील. ते काढल्यावर गिअरबॉक्स फक्त डॉवेल पिनांवर (त्याला इंजिनाशी सरळ रेषेत धरणाऱ्या खुंट्यांवर) असतो. तो आडवा, सरळ मागे सरकवा, वाकडा झाला की अडकतो. बोटभर फट पडली की टॉर्च लावून पाहा: कन्व्हर्टर गिअरबॉक्सकडेच आहे ना? मग बेल हाऊसिंगच्या तोंडावर एक लोखंडी पट्टी बोल्टने आडवी बांधा, म्हणजे तो पुढे घसरणार नाही. आता आणखी मागे घ्या आणि हळूहळू खाली उतरवा. एकाने जॅक, दुसऱ्याने तोल सांभाळायचा. त्याच्या खाली कुणाचाही हात-पाय नको.

जागा मोकळी झाली की फ्लेक्सप्लेटवर क्रँकच्या बोल्टांभोवती बारीक तडे आहेत का ते पाहा. इंजिनाचं मागचं सील ओलं असेल, तर ते आत्ताच बदला.

परत बसवताना कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्समध्ये पूर्ण बसवा. फिरवत आत दाबला की तो दोन-तीनदा ठक्कन आत जातो, आणि प्रत्येक ठक्क तळव्याला जाणवते. बेल हाऊसिंग इंजिनाला हातानेच टेकलं पाहिजे. बोल्ट आवळून ओढून घेतलं, तर आतला पंप फुटतो. टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट राहते. ती अजिबात नसेल, तर गिअरबॉक्स पुन्हा मागे घ्या आणि कन्व्हर्टर परत फिरवा.